चक्र उघडलं की नाही, कळायचं कसं? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ध्यानाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सॲप मेसेजचा पाऊस पडला, त्यातले निम्मे तरी चक्रांबद्दलचे, म्हणजे ध्यानासाठी शरीरात मानलेल्या जागांबद्दलचे. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न सारखे सारखे येतात ते घेतलेत. नावं गाळली आहेत.

ताई, मी अमळनेरला राहून एमपीएससी करतोय. युट्यूब बघून ध्यान सुरू केलं. आता डोळे मिटले की कपाळाच्या मधोमध मुंग्या येतात, दाब जाणवतो, कधी निळा उजेड दिसतो. ॲपवर लिहिलंय की हे थर्ड आय ओपन होण्याचं लक्षण आहे. आई म्हणते "पोऱ्या याडा व्हयी गया का काय". खरं काय?

आईला सांग, पोऱ्या शाबूत आहे. पण थर्ड आय वगैरे उघडलेला नाहीये हेही तूच ऐकून घे. तू भुवयांच्या मध्ये लक्ष ठेवायला जातोस आणि नकळत दोन्ही बुबुळं वर आणि आत ओढून धरतोस, सोबत कपाळही आवळतोस, मग डोळ्यांचे स्नायू आणि कपाळाचे स्नायू थकतात, आणि तो दाब, त्या मुंग्या तिथून येतात. उजेडाचं म्हणशील तर मिटलेल्या डोळ्यांना पूर्ण काळोख कधीच दिसत नाही, डोळ्यातला पडदा आणि मेंदू मिळून काहीतरी ठिपके, रंग, ढग तयार करतच राहतात. रोज दिसतात, पण एरवी आपण लगेच झोपून जातो म्हणून लक्ष जात नाही एवढंच. आज्ञाचक्राचं, म्हणजे भुवयांमधल्या त्या जागेचं, वर्णन जुन्या ग्रंथात आहे, दोन पाकळ्यांचं, चंद्रासारखं पांढरं, पण ते ध्यानात मनाने उभं करायचं चित्र आहे, आपोआप दिसलेल्या निळ्या उजेडाचं सर्टिफिकेट नाही.

आता करायचं काय, तर डोळे सैल सोड, खाली गालांकडे पडू दे, जबडा सोड, जीभ सोड, आणि लक्ष नाकपुडीपाशी आत-बाहेर जाणाऱ्या श्वासावर आण. उजेड आला तर येऊ दे, गेला तर जाऊ दे, वहीत नोंद करत बसू नको. डोकं दुखायला लागलं तर त्या दिवशी बंद. आणि दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतोस, एकदा डोळ्यांचा नंबर चेक करून घे, मला तर त्याचीच शंका जास्त येते. वाचायचंच असेल तर प्रतापशेठजींनी 1916 साली काढलेलं तत्त्वज्ञान केंद्र तुझ्याच गावात आहे, तिकडे एकदा चौकशी कर की, ॲप कशाला.

भुसावळहून एक गृहिणी. आमच्याकडे एका हॉलमध्ये चक्र हीलिंगचा वर्कशॉप होता. तिथल्या मॅडमनी पेंडुलम फिरवून सांगितलं की तुमचं मूलाधार ब्लॉक आहे म्हणून घरात पैसा टिकत नाही. सात रंगांच्या सात दगडांचा सेट अकरा हजाराला आहे. मिस्टर नाही म्हणतात. घेऊ का?

नका घेऊ. मिस्टरांचं ऐका, या एका बाबतीत तरी.

पण नुसतं नको म्हणून भागत नाही, कारण त्या मॅडमनी सांगितलेल्या गोष्टीत थोडं खरं आणि बरंच नवं मिसळलेलं आहे, ते वेगळं करून दाखवते. आज आपण जी चक्रं पाठ म्हणतो, कण्याच्या तळाशी मूलाधार, मग वर वर स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा आणि डोक्यावर सहस्रार, ती मांडणी मुख्यतः बंगालमधल्या पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपण नावाच्या संस्कृत ग्रंथातून जगभर गेली. ग्रंथ 1577 चा. कलकत्ता हायकोर्टात जज्ज असलेले जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर ॲव्हलॉन या नावाने त्याचं इंग्रजी भाषांतर 1919 मध्ये छापलं आणि तिथून पुढे युरोप-अमेरिकेत चक्रांची चर्चा वाढली. म्हणजे तंत्रात आधीपासून होतीच, पण सगळीकडे हीच सात होती असं अजिबात नाही. नाथपंथातल्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ चक्रं सांगितली आहेत. पतंजलींच्या योगसूत्रात शोधाल तर एका सूत्रात नाभिचक्राचा उल्लेख सापडेल, सातांची यादी नाही. आता शरीरात किडनीसारखी ठरलेली जागा असती तर मोजणीत एवढा फरक पडला असता का? चक्रं ही ध्यानासाठी लक्ष टेकवायच्या जागा आहेत, प्रत्येक परंपरेने आपापल्या सोयीने ठरवलेल्या.

रंगांची गंमत तर अजून वेगळी. तुम्हाला दाखवलेला सेट लाल, केशरी, पिवळा, हिरवा असा इंद्रधनुष्यासारखा असणार. तो क्रम पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात बसवला गेला आणि 1970 च्या दशकानंतर पसरला. पूर्णानंदांच्या ग्रंथात मणिपुराच्या पाकळ्या पावसाने भरलेल्या ढगाच्या रंगाच्या आहेत, आणि दुकानात मात्र पिवळा दगड. अनाहत तिथे दुपारीच्या फुलासारखं लाल, दुकानात हिरवा. विशुद्ध तिथे धुरकट जांभळं. मग तुमचा दगड नेमकं कोणतं चक्र उघडणार, हे त्या मॅडमना विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होईल.

आणि पैशाचं. मूलाधाराला जुन्या वर्णनात चार पाकळ्या, पृथ्वीतत्त्वाचा पिवळा चौकोन, लं हे बीजाक्षर आणि हत्ती आहे. घरखर्चाचं काही नाही. अमुक चक्र म्हणजे अमुक मानसिक प्रॉब्लेम हा अर्थ लावणं बरंचसं विसाव्या शतकातलं आहे, मानसशास्त्रज्ञ युंगने 1932 मध्ये झुरिकला कुंडलिनीवर, म्हणजे मूलाधारापाशी निजलेली मानलेल्या शक्तीवर, व्याख्यानं दिली ती त्यातलीच. मानसशास्त्र म्हणून वाचायला छान आहे, पण त्यावरून कुणाच्या कपाटातल्या पैशाचं निदान करायचं म्हणजे कमालच झाली. पेंडुलम तर धरणाऱ्याच्या बोटांच्या बारीक हालचालीने फिरतो, त्यांना स्वतःलाही कळत नाही कधी कधी.

त्या जुन्या मांडणीतली मला स्वतःला आवडणारी गोष्ट सांगू? सहा चक्रांच्या पाकळ्या मोजा, चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन. बेरीज पन्नास. संस्कृत वर्णमालेचे पन्नास वर्ण एकेका पाकळीवर बसवलेत, म्हणजे साधक खालून वर लक्ष नेत जातो तेव्हा सगळी अक्षरं शरीरावरून फिरतात. किती बारीक विचार करून बांधलेलं आहे हे. फुकट आहे, पाठ करा, मुलांनाही शिकवा.

ध्यानाला बसलं की झोप येते. काय करावं? (धुळे)

झोपा. खरंच. दुपारच्या जेवणानंतर, त्यातून शेवभाजी आणि भाकरी खाऊन, मे महिन्यात धुळ्यात बसलात तर दुसरं काय होणार. आठवडाभर रात्रीची झोप पुरी करा, मग सकाळी तोंड धुऊन, काही न खाता, डोळे अर्धे उघडे ठेवून बसा. तरीही येत असेल तर चालत चालत करा.

शिरपूरहून एक वहिनी. माझे धाकटे दीर एका शिबिराला जाऊन आले. तिथे फार वेळ बसवायचे, झोप कमी. आल्यापासून रात्र रात्र झोपत नाहीत, सारखं बोलत राहतात, कुंडलिनी जागृत झाली म्हणतात, परवा गाडीची चावी आणि खिशातले पैसे एकाला देऊन टाकले. सासूबाई भगताकडे न्यायचं म्हणतात.

वहिनी, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी उघडलं आणि उत्तर तुम्हाला लगेच पाठवलं होतं, इथे छापते ते इतरांसाठी. अनेक रात्री झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटतं, पैसे वाटले जातात, ही लक्षणं दिसली की मानसोपचार डॉक्टरकडे त्याच दिवशी न्यायचं. भगत नको, दुसरा गुरू नको. कमी झोपेत खूप तास ध्यान केल्याने काही लोकांमध्ये असं उफाळून येतं, घरात आधी कुणाला मानसिक आजार असेल तर शक्यता जास्त. यात दिरांचा दोष नाही आणि ही लाज वाटायची गोष्टही नाही.

त्यांच्याशी कुंडलिनी खरी की खोटी यावर वाद घालू नका, अजिबात नका. "भाऊ, किती दिवस झोपले नाही, झोपेच्या गोळीसाठी दवाखान्यात जाऊन येऊ" एवढंच म्हणा, त्याला काही जण तयार होतात. तोवर ध्यान, प्राणायाम, जप सगळं बंद, जेवण वेळेवर, घरात गर्दी नको, गाडीची चावी आणि बँकेचं कार्ड तुमच्याकडे. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतील असं वाटलं तर फोनवर न थांबता सरळ सिव्हिलला.

मुक्ताईनगर तालुक्यातला वारकरी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हरिपाठ. नातू म्हणतो, आजोबा, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी आहे, मग तुम्ही चक्रांचं ध्यान का करत नाही? त्याला काय सांगू?

आबा, नातू वाचतोय हेच केवढं आहे. त्याचं खोटं नाही, सहाव्या अध्यायात माउलींनी कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी, साडेतीन वेढे घालून निजलेली कुंडलिनी वर्णन केली आहे आणि त्या वाटेला पंथराज, म्हणजे सगळ्या वाटांचा राजा, म्हटलं आहे, मराठीत त्याआधी कुणी एवढं उघड लिहिलं नव्हतं असं बरेच जण मानतात. पण तेच माउली हरिपाठाच्या पाचव्या अभंगात योगयागाच्या विधीने सिद्धी होत नाही, उगाच उपाधी आणि दंभ वाढतो, असंही म्हणतात. दोन्ही त्यांचंच. वाट माहीत असलेला माणूसच ती कुणी धरावी आणि कुणी नाही हे सांगू शकतो.

आणि तुम्ही राहता कुठे बघा ना. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ, जवळच मुक्ताईचं स्थान, महाशिवरात्रीला यात्रा. चांगदेवांची गोष्ट मी तुम्हाला सांगायची म्हणजे जरा जास्तच, पण नातवाला सांगा. चौदाशे वर्षं प्राण रोखून जगलेला योगी, वाघावर बसून फिरणारा, आणि ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला तर मायना चिरंजीव लिहू की तीर्थरूप, तेच ठरेना, शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. उत्तरादाखल पासष्ट ओव्या गेल्या, आणि पुढे त्याच लहान मुलीला त्याने गुरू केलं. सगळी चक्रं, सगळे प्राण ताब्यात असून माणूस मायन्यावर अडला, कारण मोठा कोण आणि लहान कोण हे मनातून गेलं नव्हतं. नातवाला श्वासावर बसायचं असेल तर बसू द्या, संध्याकाळी हरिपाठाला मात्र टाळ घेऊन शेजारी बसवा. तुम्ही स्वतः काही बदलू नका.

रावेरहून केळीवाले शेतकरी, वय अठ्ठावन. बीपी आहे, गुडघे दुखतात. लाईट रात्रीची, पाणी द्यायला जावं लागतं. ब्राह्ममुहूर्ताला उठणं जमत नाही. ध्यान होईल का?

दादा, रात्री दोनला मोटर चालू करायला गेलेल्या माणसाने परत पहाटे चारला उठून ध्यान करायचं नसतं. गीतेच्या सहाव्या अध्यायातच आहे की फार जागणाऱ्याला योग साधत नाही. तुमची पाळी संपेल, झोप होईल, त्यानंतर चहाच्या आधी पंधरा मिनिटं, तोच तुमचा मुहूर्त.

मांडी घालायची गरज नाही. खुर्ची घ्या, प्लास्टिकची चालेल पण मागे रेलून पडायचं नाही, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पाठ-मान-डोकं सरळ. छातीच्या मध्यावर, अनाहताच्या जागी, हात ठेवून श्वास मोजा, सोडताना थोडा लांब. श्वास कोंडून धरायचा नाही, भस्त्रिका-कपालभाती तर बीपी असताना मनाने करूच नका, उन्हाळ्यात तर नाहीच. कुणी सांगेल की विशुद्धावर, म्हणजे गळ्याच्या चक्रावर, ध्यान केलं की बीपीची गोळी सुटते, गोळी सोडायची नाही, डॉक्टरांनी कमी केली तरच कमी. आणि रात्री बागेत जाताना बॅटरी आणि गमबूट घालत जा, कुंडलिनीची सर्पिणी निजलेली असते, केळीच्या पाल्यातली तेव्हा जागी असते.