इंग्लंडमधल्या जुन्या पॅरिश रजिस्टरमधून, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदवह्यांमधून, पूर्वज शोधायचे आहेत. इंटरनेटवर मिळालेल्या तयार वंशवृक्षावर विश्वास ठेवावा का?

ठेवू नका. नवऱ्याच्या घराण्याचा १५८० पर्यंतचा वृक्ष आयता मिळालाय असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही असाच एक आहे, नणंदेच्या दिवाणखान्यात, चौकटीत घालून लावलेला.

लग्न होऊन मी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आले त्याला बावीस वर्षं झाली. तो वृक्ष नणंदेने पैसे देऊन करून घेतला होता. तळाशी माझ्या मुलांची नावं, मग चढत चढत १७८४ साली बाप्तिस्मा झालेला थॉमस, त्याचा बाप चांगला बागायतदार म्हणावा असा शेतकरी, आणि तिथून सरळ पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळापर्यंत.

थॉमस १८५१ च्या जनगणनेत भेटतो. १८४१ ला फक्त ‘याच काउंटीत जन्म झाला का’ एवढंच विचारलं होतं, १८५१ पासून जन्माचं गाव लिहून घेऊ लागले. त्याने सांगितलेलं गाव वृक्षातलं नव्हतं, शेजारचं होतं. मला ते खटकलं. नणंद म्हणाली, गावं लागून आहेत, म्हाताऱ्याने चुकून सांगितलं असेल. आपलं जन्मगाव माणूस चुकून सांगतो?

धाकटा शाळेत जायला लागल्यावर आठवड्यातला एक दिवस मोकळा मिळायला लागला. मी नॉरिच शहरातल्या रेकॉर्ड ऑफिसात, जुनी कागदपत्रं ठेवतात तिथे, जाऊन बसू लागले. आधी वृक्षातल्याच गावच्या दफनाच्या नोंदी काढल्या. फेब्रुवारी १७८५: तोच थॉमस, तोच बाप, पुढे ‘तान्हं मूल’. पाच महिन्यांचं लेकरू गेलं होतं. वृक्ष करणाऱ्याने बाप्तिस्म्याची नोंद पाहिली, नाव जुळलं, साल जवळपास जुळलं, काम संपलं. दफनाचं पान कुणी उघडलंच नाही. गेलेल्या बाळाच्या खांद्यावर माझ्या मुलांच्या सगळ्या पिढ्या उभ्या केल्या होत्या.

मग शेजारच्या गावचं रजिस्टर घेतलं. १७८६. ‘थॉमस, मेरीचा बेस बॉर्न मुलगा’, आणि समासात ‘पी’ हे एकच अक्षर. बेस बॉर्न म्हणजे लग्नाशिवाय झालेलं मूल. ‘पी’ म्हणजे पॉपर, कंगाल. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना तो माफ होता, म्हणून पाद्री तसं अक्षर टाकत. त्या गावात त्या आडनावाचा दुसरा थॉमस नाही, या थॉमसचं लहानपणी दफन नाही, त्याच चर्चमध्ये १८०९ ला त्याचं लग्न आहे. सहीच्या जागी फुली. पहिल्या मुलीचं नाव मेरी.

म्हणजे आज आम्ही सगळे जे आडनाव लावतो ते मेरीचं आहे. त्या बागायतदाराचा आमच्याशी काही संबंध नाही.

नणंदेला मी छापील प्रती दाखवल्या. ती म्हणाली, ‘तुला आमच्या घराण्याची कागदपत्रं कळणार नाहीत.’ चौदा वर्षं झाली, हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. माझ्या माहेरी आजोबांनी हाताने लिहिलेली वंशावळ आहे, नऊ पिढ्यांची. त्यात एकाही बाईचं नाव नाही. मला एक बाई सापडली, तिच्या नावाने घर चाललं, आणि ती भिंतीवर नको म्हणे. माझ्या पोरांची ती खापरपणजीच्याही मागची आजी आहे. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

तर तुम्ही काय करायचं. आजपासून मागे या, वरून खाली उतरू नका. १ जुलै १८३७ नंतर जन्म, लग्न, मृत्यूचे सरकारी दाखले मिळतात, तिथपर्यंत रजिस्टरची गरज फारशी पडत नाही. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील फॉर्मवर बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं, दफनाच्या नोंदीत वय असतं. त्याआधी पाद्रीच्या मर्जीवर. रजिस्टरं ठेवायचा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढलेला, पण पुष्कळ गावांची पानं १५५८ च्या आधीची नाहीतच. पान फाटलेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल मागा, मला दोनदा उपयोगी पडली. आणि १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी १७२३ ची नोंद आपल्या हिशेबाने १७२४ ची असते. याच घोळात आईच्या दफनानंतर तिला मूल झालेलं दाखवणारे वृक्ष मी पाहिले आहेत.

एका बाप्तिस्म्यामागे पुढची दहा वर्षं दफनं बघा. पहिलं मूल गेलं की तेच नाव पुढच्याला ठेवायची तिथे सर्रास पद्धत होती.

हे सगळं चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जाणाऱ्या घरांचं. तुमच्या नवऱ्याची माणसं क्वेकर किंवा बॅप्टिस्ट अशा त्याबाहेरच्या ख्रिस्ती पंथांची असतील तर ती या बाप्तिस्म्याच्या पानांत सहसा सापडणार नाहीत. आणि समासातल्या ‘पी’वरून घर अगदी उपाशी होतं असंही धरू नका, कर वाचवायला काही पाद्री हात सैल सोडत. मेरीच्या बाबतीत मात्र मी ते खरंच धरते.

तिचं दफन मला अजून मिळालेलं नाही. पुढे लग्न करून दुसऱ्या पॅरिशमध्ये गेली असेल तर आडनाव बदललं असणार. आसपासच्या पाच गावांची लग्नाची रजिस्टरं पाहून झाली, सहावं या हिवाळ्यात घेतेय.