लेसिथिन पचतं, मग दुसऱ्याचं काय?

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या खाद्याच्या पाकिटावर घटकांमध्ये लेसिथिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ही नावं दिसली. हे इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ, असतात म्हणे. जनावरांना ते पचतात का, की पोटात साठून राहतात?

उत्तर : साठून राहत नाहीत, ती भीती आधी काढून टाका. पण ही दोन्ही नावं एका माळेचे मणी नाहीत.

पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना मी विद्यार्थ्यांना दोन परीक्षानळ्या द्यायचो. दोन्हींत पाणी आणि थोडं तेल, एकीत वरून पित्त. खूप हलवून स्टँडला लावल्या की साध्या नळीत तेलाचा पिवळा थर लगेच वर येऊन बसायचा. पित्ताची नळी मात्र बराच वेळ दुधाळच. ही किमया पित्तक्षारांची, आणि त्यांच्या जोडीला पित्तात असतं लेसिथिन! तेव्हा पाकिटातलं लेसिथिन कुत्र्याच्या आतड्याला मुळीच परकं नाही. स्वादुपिंडाचं फॉस्फोलायपेज हे विकर (एन्झाइम) त्यातलं एक मेदाम्ल तोडतं आणि दोन्ही तुकडे शोषले जातात. मोनोग्लिसराइड या आणखी एका इमल्सिफायरचं तर विचारूच नका, साधी चरबी पचतानाही ती वाटेत तयार होतातच.

गाईम्हशींच्या रूमेनमधले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जंतू लेसिथिन आधीच फोडून टाकतात, आतड्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. उलट कोंबडीच्या लहान पिलांत पित्त आणि लायपेज (चरबी तोडणारं विकर) दोन्ही कमी, म्हणून त्यांच्या खाद्यात कधीकधी मुद्दाम लायसोलेसिथिन, म्हणजे एक मेदाम्ल आधीच तोडलेलं लेसिथिन, घालतात.

आता दुसरं नाव. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज तोडणारं विकर ना कुत्र्याकडे आहे, ना तुमच्या-माझ्याकडे. ते विष्ठेवाटे निघून जातं. पॉलिसॉर्बेट ८० या आणखी एका इमल्सिफायरचं काम अर्धवट : लायपेज त्यातलं मेदाम्ल सोडवून घेतं, उरलेला सांगाडा बहुतांशी तसाच बाहेर पडतो.

पण पचत नाही म्हणजे काही करतही नाही, असं मी म्हणणार नाही. २०१५ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात १ टक्का कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा पॉलिसॉर्बेट ८०, असं १२ आठवडे. आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्मथर पातळ झाला, जंतू अस्तराला जाऊन भिडले, सौम्य दाह झाला, वजनही वाढलं. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत मात्र यातलं काहीच घडलं नाही. थोडक्यात, खोडी जंतूंमार्फत होते. अर्थात उंदराला प्रत्येक घोटात ते मिळत होतं, आणि कुत्रा म्हणजे उंदीर नव्हे.

लेसिथिनवरून पाकीट बदलू नका. दुसऱ्या घटकाबद्दल माझा सल्ला असा : शी घट्ट, नेहमीसारखी होत असेल आणि भूक चांगली असेल, तर चालू द्या. वारंवार पातळ होत असेल, शेंब पडत असेल, तर आधी डॉक्टरांकडून जंत आणि इतर कारणं तपासून घ्या. त्यात काही सापडलं नाही, तर हा घटक नसलेलं खाद्य निवडा. पण एकदम बदलू नका. जुन्यात नवं थोडंथोडं मिसळत आठवडाभरात पूर्ण नव्यावर या.