बर्फ टाकला आणि स्कॉच गढूळ झाली

प्रश्न : काका, भावानं स्कॉटलंडहून सिंगल कास्क, म्हणजे एकाच पिंपातली, स्कॉच आणली. लेबलवर 'हॉग्सहेड', कास्कचा नंबर, 2003 ते 2022, 56 टक्के अल्कोहोल आणि '238 पैकी 143वी बाटली' असं लिहिलंय. परवा बर्फ टाकताच ती गढूळ झाली, आणि चवही काही लागली नाही. माल खोटा तर नसेल?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : गढूळ झाली म्हणून खोटी ठरवू नका. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा ढगाळपणा मला फार आवडतो. व्हिस्कीत काही तेलकट एस्टर, म्हणजे वास-चव देणारे पदार्थ, असतात. 56 टक्क्यांना ते विरघळून राहतात. पाणी मिसळलं, थंडी लागली की बाहेर पडतात. बऱ्याच कंपन्या बाटली भरण्याआधी व्हिस्की थंड करून ते गाळून टाकतात. तुमची तशी गाळलेली दिसत नाही, आणि मला ती तशीच हवी असते.

आता लेबलवरचे आकडे जुळवून पाहू. हॉग्सहेड म्हणजे साधारण 250 लिटरचं ओकचं पिंप. स्कॉटलंडच्या थंड हवेत त्यातून वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जातं. 2003 ते 2022 या 19 वर्षांत 170 लिटरच्या आसपास उरतं. 700 मिलीच्या 238 बाटल्या म्हणजे 167 लिटर. हिशेब बसतो! एवढ्यावरून बाटली अस्सल ठरत नाही, पण आकडे तरी खरे बोलतात. शेजारच्या पिंपातली व्हिस्की त्याच दिवशी भरलेली असली तरी वेगळी लागते, म्हणून या 238 संपल्या की ही चव पुन्हा मिळायची नाही. आणि वय 19च राहणार. काचेत व्हिस्की मुरत नाही.

चव लागली नाही ती बर्फामुळे. पण आपल्या उकाड्यातही ती नीट लागत नाही. मागच्या मे महिन्यात रामदासपेठेत मित्राच्या घरी मी अशीच एक चाखली. बाहेर 45 अंश, कूलर घरघरत होता, आणि ग्लास नाकाशी नेताच नुसती झिणझिण. मित्रानं बाटली पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली, मग तोंडाशी निमुळत्या ग्लासात जेमतेम 25 मिली ओतली. पहिला घोट कोरा, अगदी थेंबभर. मग चहाच्या चमच्यानं एक चमचा साधं पाणी. एवढ्यानं 56चे 47च्या आसपास येतात. दोन मिनिटांनी ग्लासातून आधी ओल्या लाकडाचा, मग चक्क संत्र्याच्या सालीचा वास आला. मी तो ग्लास तासभर सोडला नाही.

तुम्हीही असंच करा. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाक ग्लासात खुपसू नका. खोलीत उदबत्ती नको, मोगरा नको. सावजी रस्सा जरूर करा, पण नंतर. आधी खाल्लात तर त्या तिखटापुढे जिभेला दुसरं काही कळणार नाही.

आणि बाटली आडवी ठेवू नका. एवढी कडक दारू बुचाला खाते. स्वयंपाकघराच्या माळ्यावर तर नकोच, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. आतल्या खोलीतल्या कपाटात उभी ठेवा. अर्धीहून कमी झाली की लहान बाटलीत काढा, म्हणजे हवा कमी लागेल. बर्फ न टाकता पुन्हा चाखा, आणि चमचाभर पाण्यानंतर कसला वास आला ते मला नक्की कळवा.