‘विचारायचे होते’ आणि ‘किसिएरा’

प्रश्न : आमच्या घरी केळीचे पीक आहे. निर्यातीच्या व्यवहारात पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून मी सहा महिन्यांपासून मोबाईलवर स्पॅनिश शिकत आहे. इक्वेडोरमधील एका बागायतदारांना खोक्याला काय भाव मिळतो हे विचारण्यासाठी मी ‘किएरो साबेर एल प्रेसिओ दे ला काखा’ असे लिहिले. वाक्य शुद्ध असले तरी अनोळखी माणसाला ते अंगावर आल्यासारखे वाटेल, तेथे ‘किसिएरा’ किंवा ‘मे गुस्तारीआ’ लिहावे, असे माझ्या शिक्षिका म्हणतात. इंग्रजी अर्थ पाहिला तर हे दोन्ही मला एकच वाटतात. फरक नेमका काय आहे?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : आपण इंग्रजीच्या दारातून स्पॅनिशमध्ये शिरलात, म्हणून हा फरक दिसेनासा झाला, मराठीच्या दारातून गेलात तर तो चटकन दिसेल. तलाठी कार्यालयात गेल्यावर आपण ‘मला उताऱ्याबद्दल विचारायचे आहे’ असे न म्हणता ‘विचारायचे होते’ असे म्हणतो. विचारायचे तर आत्ताच असते; तरीही क्रियापद भूतकाळात ढकलले की मागणीचा जोर कमी होतो आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा उरते. स्पॅनिशमध्ये अगदी हेच होते. ‘किएरो’ म्हणजे ‘मला हवे आहे’, तर त्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘केरीआ’ म्हणजे ‘मला हवे होते’. स्पेनमध्ये दुकानात शिरणारे गिऱ्हाईक हे रूप सर्रास वापरते.

‘किसिएरा’ त्याहून एक पायरी पुढे जाते. ते संकेतार्थाचे, म्हणजे प्रत्यक्ष न घडलेल्या गोष्टीचे रूप आहे, आणि ते बनवण्याची रीतही सोपी आहे : ‘त्यांनी इच्छिले’ या अर्थाच्या ‘किसिएरोन’ या रूपातील शेवटचे ‘रोन’ काढून तेथे ‘रा’ लावायचे. सर्व क्रियापदांची ही रूपे याच रीतीने बनतात, म्हणून ती एकदा हाताखालून घालावी. ‘किसिएरा प्रेगुन्तार्ले उना कोसा’ हे वाक्य ‘आपल्याला एक गोष्ट विचारायची होती’ या आपल्या वाक्याच्या जागी जसेच्या तसे बसते. पत्रात मी हेच वापरले असते.

‘मे गुस्तारीआ’ची घडण मात्र वेगळी आहे आणि ती मराठी माणसाला फुकट मिळालेली आहे. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. येथे ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद माझ्यामागे न जाता कॉफीच्या मागे जाते. वस्तू अनेक झाल्या की ‘मे गुस्तान लोस बानानोस’, जसे आपण ‘मला केळी आवडतात’ म्हणतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा उलटा संसार पचायला महिने लागतात, पण घरी ‘माले चहा जोयजे’ म्हणणाऱ्या अहिराणी माणसाला त्यात उलटे काय आहे तेच कळणार नाही. ‘गुस्ता’चे ‘गुस्तारीआ’ झाले की ‘आवडते’चे ‘आवडेल’ होते : ‘मे गुस्तारीआ बिसितार सु फिन्का’, म्हणजे ‘आपला मळा पाहायला आवडेल’. भाव विचारताना ‘किसिएरा’ आणि मळा पाहण्याची इच्छा सांगताना ‘मे गुस्तारीआ’, असा भेद मी करीन, जरी बोलताना दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात.

आता गंमत अशी की जेथे आपण ‘मला’ म्हणतो त्या ‘हवे आहे’च्या जागी स्पॅनिश माणूस ‘मी’ म्हणतो. ‘किएरो’ हे ‘मी इच्छितो’ या घडणीचे आहे. म्हणून ‘मे किएरो’ असे लिहू नये, त्याचा अर्थ ‘माझे माझ्यावर प्रेम आहे’ असा होईल. माणसाबद्दल ‘किएरो’ आले की ते प्रेमच असते; ‘ते किएरो’ हे व्यापारी पत्रात लिहायचे वाक्य नव्हे.

आपल्या शिक्षिकांचा सल्ला योग्य आहे, पण ‘किएरो’ला उद्धट ठरवू नये. घरात, मित्रांत, किंवा ठाम निर्णय सांगताना तेच शोभते. पत्रात ‘तू’ मात्र टाळावे. स्पॅनिशमधील ‘तू’ आपल्यासारखाच उच्चारला जातो आणि आपल्यासारखाच जवळिकीचा आहे. परक्यासाठी ‘उस्तेद’ आहे, जो ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा आखडलेला अवशेष असल्याने त्याच्यासोबत क्रियापद ‘तो’ किंवा ‘ती’ यांचे येते.

प्रश्न : ‘पाऊस पडो’ असे स्पॅनिशमध्ये कसे म्हणतात? ‘ओखाला’ हा शब्द अरबी आहे, हे खरे का?
— एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : खरे आहे. 711 साली आयबेरिया द्वीपकल्पात अरबांचा प्रवेश झाला आणि 1492 मध्ये ग्रानादा पडेपर्यंत तेथे मुस्लिम सत्ता या ना त्या रूपात टिकून होती. त्या सहवासात ‘देवाची इच्छा असती तर’ अशा अर्थाचा अरबी वाक्प्रयोग स्पॅनिशमध्ये ‘ओखाला’ होऊन रुजला. जोर शेवटच्या ‘ला’वर द्यावा. आज त्यात देवाची आठवण कोणाला होत नाही.

‘ओखाला युएबा’ म्हणजे ‘पाऊस पडो’, आणि येथे आशा जिवंत आहे. तेच ‘ओखाला योबिएरा’ केले की ‘पडता तर किती बरे होते’ अशी सुटत चाललेली आशा येते. कपाशीची धूळपेरणी करून जूनच्या शेवटी आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी पहिले वाक्य असते. जुलैचा मध्य उलटला की दुसरे.

‘ओखाला’ न लावता नुसत्या ‘के’नेही शुभेच्छा देता येते, आणि तेथे आपले ‘-ओ’कारान्त आशीर्वाद सहज जुळतात. ‘के ले बाया ब्येन’ म्हणजे ‘आपले चांगले होवो’, हे निरोप घेताना म्हणतात. आजाऱ्याला ‘के से मेखोरे’ म्हणतात. जेवणाऱ्यांच्या पंक्तीजवळून जाताना मात्र ‘के आप्रोबेचे’ म्हणावे. त्याचे शब्दशः भाषांतर करीत बसू नये, कारण आपल्याकडे त्या जागी ‘सावकाश होऊ द्या’ आहेच.