एचओ प्रमाणातल्या जुन्या अमेरिकन फ्लॅट कारवर अवजड माल कसा दाखवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एचओ प्रमाणात (१:८७, म्हणजे प्रत्यक्षातला एक फूट साडेतीन मिलिमीटरचा) १९३० ते १९४५ या काळातल्या अमेरिकन मालगाड्यांची मॉडेल करता, फ्लॅट कारवर, म्हणजे भिंती आणि छत नसलेल्या सपाट वाघिणीवर, एखादा डोळ्यांत भरणारा अवजड माल ठेवायचा आहे, तर कोणता माल निवडावा आणि तो कशाने चिकटवून कसा रंगवावा.

माल डोळ्यांत भरला पाहिजे, या अपेक्षेवरूनच आमच्या क्लबात माझा एका ज्येष्ठ सदस्यांशी वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. मॉडेल करणाऱ्याने माल सर्वांत शेवटी निवडावा. आधी आपल्या रुळांवरची वाट पाहावी, मग वाघीण, मग बांधणी, आणि या तिन्हींतून जो सुखरूप पार पडेल तोच माल आपला. खऱ्या रेल्वेतही नेहमीच्या मापाबाहेरचा माल कारखान्यातून हलण्यापूर्वी त्याची उंची-रुंदी रेल्वेच्या कचेरीत जात असे, वाटेतले पूल, बोगदे आणि शेजारच्या रुळापासूनचे अंतर तपासले जात असे, आणि ते जमल्याशिवाय वाघीण यार्डातून निघत नसे.

आमच्या क्लबाच्या मांडणीचा, म्हणजे रूळ आणि देखावा मिळून उभारलेल्या छोट्या रेल्वेचा, काळ १९३०च्या दशकाचा मध्य असल्यामुळे एका प्रदर्शनासाठी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशाचा प्रवास दाखवावा असे ठरले. ज्येष्ठ सदस्य, ज्यांना क्लबात सगळे काका म्हणतात, आणि मी, आमचे या मालाच्या स्वरूपावर एकमत होईना, म्हणून दोघांनी आपापली वाघीण करावी असा तोडगा निघाला. तोडगा काढणाऱ्याला पुढे काय होणार याची कल्पना नसावी.

ज्यांनी हा प्रवास मॉडेलच्या अंगाने पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो. न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्निंग येथील काचकारखान्यात पायरेक्स या उष्णतारोधक काचेची ही तबकडी, म्हणजे पुढे आरसा होणारी काच, ओतली गेली. मार्च १९३४ मधल्या पहिल्या ओतणीत साच्यातले गाभे सुटून काचेत वर आले, म्हणून २ डिसेंबर १९३४ रोजी दुसरी तबकडी ओतली, ती कित्येक महिने भट्टीत हळूहळू थंड केली आणि २६ मार्च १९३६ रोजी ती रेल्वेने कॅलिफोर्नियाकडे निघाली. पॅसाडिनाला ती १० एप्रिलला पोहोचली. गाडी फक्त दिवसा चालत असे आणि तिचा वेग ताशी २५ मैलांपेक्षा अधिक जाऊ दिला जात नसे. वजन सुमारे २० टन होते, म्हणजे वजनाच्या दृष्टीने त्या काळच्या साध्या ५० टनी फ्लॅट कारलाही ही तबकडी जड नव्हती. अडचण होती ती आकाराची, आणि मॉडेल करणाऱ्याने नेमके येथेच थांबून गणित करायला हवे.

तबकडीचा व्यास १६ फूट ८ इंच. पुढे ‘प्लेट बी’ या नावाने रूढ झालेली, बहुतेक सर्व मार्गांवर विनाअट चालणारी मर्यादा पाहिली तर रुंदी १० फूट ८ इंच आणि रुळाच्या माथ्यापासून उंची १५ फूट १ इंच भरते. तबकडी आडवी ठेवली तर दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट बाहेर येते आणि शेजारच्या रुळावरची गाडी थांबवावी लागते. साध्या फ्लॅट कारवर उभी ठेवली तर फळ्यांचीच उंची साडेतीन-चार फूट असल्याने माथा २० फुटांच्या वर जातो. म्हणून न्यू यॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपनीची, मध्ये आरपार पोकळी असलेली वेल कार घेऊन तबकडी पोलादी पेटीत उभी केली आणि पेटीचा तळ रुळांपासून काही इंचांवर येईल इतकी खाली उतरवली. एवढे करूनही माथा १७ फुटांच्या वर राहिलाच, म्हणून मार्ग निवडून घ्यावा लागला. गाडीचे सगळे सौंदर्य मला या गणितात दिसते: मालाने वाघीण ठरवली आणि वाटेने मालाची बैठक ठरवली.

काकांचे म्हणणे असे की, पेटीत बंद केलेला आरसा दाखवून लोकांना काय कळणार? त्यांनी पारदर्शक रेझिनची तबकडी ओतली, तिचा एक पृष्ठभाग चांदीसारखा चकचकीत केला आणि ती साध्या फ्लॅट कारवर आडवी, उघडी ठेवली. कारागिरी निर्विवाद उत्तम होती; रेझिनमध्ये एकही बुडबुडा नव्हता. पण १९३६ साली त्या गाडीत आरसा नव्हताच. होती ती घासायची राहिलेली, मागच्या बाजूला कप्प्याकप्प्यांची जाळी असलेली काच. तिला पॅसाडिनात वर्षानुवर्षे घासून आकार दिला गेला, आणि ॲल्युमिनियमचा मुलामा ती १९४७ साली पालोमारच्या डोंगरावर पोहोचल्यानंतर चढला. काकांच्या वाघिणीवर अकरा वर्षांनंतरचा आरसा प्रवास करत होता.

माझी वेल कार मी प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून कापून जोडली. पेटीसाठी पाव मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरला, कडांच्या पट्ट्यांवर मागून बोथट सुईने दाबून रिव्हेटचे उठाव काढले, आणि पेटीवरची काचकारखान्याच्या नावाची मोठी अक्षरे छायाचित्र समोर ठेवून बसवली. ५८ मिलिमीटर व्यासाच्या त्या गोल पेटीच्या फक्त खालच्या अर्ध्यात शिशाचा पत्रा भरला, कारण वरच्या भागात वजन गेले असते तर वाघीण पहिल्याच वळणावर कलंडली असती. काकांनी पेटी हातात घेऊन विचारले, “आत काच आहे का?” मी म्हणालो, शिसे आहे. त्यावर ते जे हसले, त्याचे हे उत्तर मी आज येथे लिहीत आहे असे समजा.

गाडी सुरू झाली तेव्हा काकांची आडवी तबकडी पहिल्याच लोखंडी पुलाच्या उभ्या तुळयांना अडकली. अडकणारच, ५८ मिलिमीटरचा माल आणि ३७ मिलिमीटरच्या मर्यादेला धरून बांधलेली वाट. काकांनी शांतपणे पुलाच्या दोन्ही तुळया उपटल्या, बाहेर सरकवून पुन्हा चिकटवल्या आणि गाडी पुढे नेली. खऱ्या रेल्वेला ही चैन परवडली असती तर वेल कार कोणी बांधलीच नसती. प्रेक्षकांच्या मतदानात काकांची वाघीण पहिली आली, हेही सांगितले पाहिजे, कारण ते स्वतः ते सांगितल्यावाचून राहत नाहीत.

तेव्हा तुम्हाला माझा पहिला सल्ला असा की जाड पुठ्ठ्याचा एक गेज, म्हणजे माप तपासायचा तुकडा, कापा, ३७ मिलिमीटर रुंद आणि रुळाच्या माथ्यापासून ५३ मिलिमीटर उंच. तो एखाद्या वाघिणीवर उभा करून आपल्या सर्व रुळांवरून फिरवा. मग तुमच्या मनातल्या मालाच्या मापाचा दुसरा गेज कापून तोही फिरवा. जेथे अडेल तेथे तुमच्या रेल्वेचे उत्तर मिळेल.

वळणांचा प्रश्न याहून वाईट आहे आणि त्याकडे बहुतेक जण काणाडोळा करतात. १८ इंच त्रिज्येचे आपले वळण म्हणजे प्रत्यक्षातले जेमतेम १३० फुटांचे. खऱ्या मार्गावर ५७३ फूट त्रिज्येचे वळणही तीव्र समजले जाते, आणि ते एचओमध्ये उतरवायचे तर साडेसहा फुटांहून अधिक त्रिज्या लागेल. माल ज्या दोन बिंदूंवर टेकतो त्यांच्यात १५० मिलिमीटर अंतर असेल तर आपल्या १८ इंची वळणात त्याचा मध्य सहा मिलिमीटरहून थोडा अधिक आत सरकतो, म्हणजे प्रत्यक्षातले एकवीस इंच. खऱ्या ५७३ फुटांच्या वळणात तोच माल पाच इंचांपेक्षा कमी सरकला असता.

दोन वाघिणींवर टेकलेला लांब माल, उदाहरणार्थ युद्धनौकेच्या तोफेची नळी किंवा तेलशुद्धीकरणाचा मनोरा, करायचा असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या एफ २२ वर्गाच्या आखूड फ्लॅट कार तोफांच्या नळ्यांसाठीच बांधलेल्या होत्या. १६ इंची तोफेची ६८ फुटी नळी एचओमध्ये सुमारे २३८ मिलिमीटर भरते. तिला दोन्ही वाघिणींवर घट्ट चिकटवणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. प्रत्येक वाघिणीवर फिरती बैठक हवी, त्यांतली एक फक्त फिरणारी आणि दुसरी फिरणारी व थोडी पुढे-मागे सरकणारी. नाहीतर वळणात वाघिणींनी वळायचे की नळीने वाकायचे हा पेच पडतो आणि शेवटी चाके रूळ सोडतात. माल जर एकाच वाघिणीवर टेकून टोकाबाहेर येत असेल, तर त्या टोकाखाली एक रिकामी फ्लॅट कार जोडावी लागते आणि मालाचा भार तिच्यावर अजिबात येऊ द्यायचा नसतो. मालाखाली पोस्टकार्ड सरकले पाहिजे.

ट्रान्सफॉर्मर हा नवशिक्यांचा लाडका माल आहे आणि तो सर्वाधिक चुकीचा केला जातो. मोठे ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा माथ्यावरच्या पोर्सिलेनच्या बुशिंग (विजेच्या तारा आत नेणारे उभे विद्युतरोधक) आणि बाजूचे रेडिएटर (तेल थंड करणारे पंखे-पट्ट्यांचे भाग) काढून रवाना होत. ते भाग खोक्यांत, वेगळ्या वाघिणीतून जात आणि उघडी भोके पत्र्याच्या झाकणांनी बोल्ट लावून बंद केलेली असत. मधोमध खाली वाकलेल्या फ्लॅट कारवर माथ्यावर तीन उंच बुशिंग मिरवणारा ट्रान्सफॉर्मर पाहिला की मला काकांचा आरसा आठवतो. बाजारातल्या संचात बुशिंग असतातच. त्या फेकू नका. खोक्यांना फळ्यांच्या रेघा पाडा आणि शेजारच्या गोंडोला, म्हणजे बुटक्या भिंतींच्या उघड्या, वाघिणीत ठेवा. मालाची गोष्ट त्यामुळे दुप्पट खरी वाटते.

बांधणी हा माझा आवडता भाग आहे. उघड्या वाघिणींवर माल कसा बसवायचा याचे नियम मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन या रेल्वेच्या डबे-वाघिणींचे नियम ठरवणाऱ्या जुन्या अमेरिकन संघटनेच्या काळापासून होते, आणि १९३४ साली असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्स स्थापन झाल्यावर तिच्या नावाने ते चालू राहिले. मालाच्या चारी बाजूंना फळ्यांवर खिळ्यांनी ठोकलेले लाकडी ठोकळे, खाली आडवे दांडे, आणि बाजूच्या खोबणींपासून मालावरून गेलेल्या पोलादी सळया, हे किमान दिसले पाहिजे. ४ इंची चौकोनी लाकूड एचओमध्ये सव्वा मिलिमीटरही भरत नाही, तेव्हा आइस्क्रीमच्या काड्या ठोकळे म्हणून वापरू नका. सळयांसाठी ०.३ मिलिमीटर पितळी तार घ्या. दोरा घेतला तर त्याचे तंतू कॅमेऱ्यात केसांसारखे दिसतात. हातब्रेकच्या चाकाभोवती माणसाला उभे राहून ते फिरवता येईल एवढी मोकळी जागा सोडा. ती बुजवलेली वाघीण कोणत्याही तपासनिसाने पुढे जाऊ दिली नसती.

वजनाबद्दल नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे, म्हणजे सहा इंची वाघिणीला चार औंस. प्लॅस्टिकची रिकामी फ्लॅट कार याहून बरीच हलकी असते आणि तिच्यात वजन लपवायला जागा नसते, म्हणून पोकळ माल हे वरदान समजा आणि त्याचा तळ भरा. काळाचेही भान ठेवा: १९३६च्या गाडीखाली रोलर बेअरिंगच्या बोग्या, म्हणजे चाकांच्या चौकटी, शोभत नाहीत, आणि एबी हे नव्या प्रकारचे हवेचे ब्रेक १९३३च्या सुमारास आलेले असल्याने जुन्या वाघिणीखाली त्याआधीच्या प्रकारचे के ब्रेकच हवेत.

आता काही गोष्टी माझ्या बाजूने थोड्या मवाळ करतो. तुमची मांडणी टेबलाएवढी असेल आणि वळणे १८ इंचीच असतील, तर दोन वाघिणींवरच्या तोफेच्या नादी लागू नका. एकाच वाघिणीवरचा, रुंदीत बसणारा बॉयलर किंवा बुशिंग काढलेला मध्यम ट्रान्सफॉर्मर घ्या. केवळ कपाटात ठेवायची वाघीण असेल तर फिरत्या बैठकीचा आणि वजनाचा खटाटोप वगळला तरी चालेल. आणि तीन फुटांवरून पाहणाऱ्याला रिव्हेट दिसत नाहीत, हे काकांचे म्हणणे खरे आहे. मात्र तीन फुटांवरून पुलाला अडकलेली गाडी दिसते.

गोंद आणि रंगाचे राहिले. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला पातळ सॉल्व्हंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा द्रव), धातूला सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू), लाकडी ठोकळ्यांना पांढरा गोंद. संपूर्ण माल वाघिणीला कायमचा चिकटवू नका. तळाला एक स्क्रू ठेवा, म्हणजे परतीच्या फेरीत तीच वाघीण रिकामी धावू शकते. वाघिणीच्या फळ्या आणि माल वेगवेगळे रंगवा, फळ्या राखाडी आणि झिजलेल्या, माल मात्र जवळजवळ नवाकोरा, कारण तो कारखान्यातून नुकताच निघालेला असतो. ठोकळे त्या प्रवासापुरतेच कापलेले असल्याने त्यांना ताज्या लाकडाचा पिवळट रंग द्या आणि ते रंगवून झाल्यावर, सर्वांत शेवटी चिकटवा.