अ‍ॅजाइल संपलं का? सोलापुरातल्या आठ जणांच्या टीमसाठी उत्तर

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात आठ जणांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं कोडिंग करताय, मालकांनी आता तुम्हाला प्रॉडक्ट ओनर (कुठलं काम आधी करायचं ते ठरवणारा) व्हायला सांगितलंय, आणि पुण्यातले मित्र म्हणतायत की अ‍ॅजाइल (सॉफ्टवेअर थोडं थोडं करत, वापरणाऱ्याला दाखवत पुढे नेण्याची पद्धत) संपलं, यापुढे सगळं एआयच करणार. मग स्क्रमचं (त्या पद्धतीतल्याच एका ठरलेल्या चौकटीचं) सर्टिफिकेट करावं का, आणि टीमचं काम लावायचं कसं, असं विचारलंय.

मी सात वर्षं हिंजवडीला काढली. गेली चार वर्षं सोलापुरात आहे, युनिफॉर्म आणि टॉवेलच्या कारखानदारांसाठी ऑर्डर ते डिस्पॅच असं सॉफ्टवेअर करणाऱ्या सहा जणांच्या टीमचं प्रॉडक्ट बघतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. अ‍ॅजाइलच्या नावावर तयार झालेल्या खुर्च्या कमी होतायत, हे तुमच्या मित्रांचं खरं आहे. पण सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाशेजारी जाऊन उभं राहण्याचं काम वाढलंय, आणि त्या कामात तुम्ही हिंजवडीतल्या माणसापेक्षा कितीतरी सोयीच्या जागी बसला आहात.

खुर्च्यांचं लवकर आटोपतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं, एवढाच ऐवज. त्यात स्क्रम मास्टर (टीमला स्क्रम नीट पाळायला मदत करणारा) नाही, स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचे अंदाजी गुण) नाहीत, कुठलं टूल नाही. हे सगळं नंतर मोठ्या कंपन्यांतून वाढत गेलं. जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेने अ‍ॅजाइलची म्हणून असलेली ११०० च्या वर पदं बंद केली आणि ते काम इंजिनिअर व प्रॉडक्ट मॅनेजर यांच्याकडेच सोपवलं. स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिकासुद्धा हलकी झाली आहे. नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीतून रोजच्या मीटिंगमधले 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन ठरलेले प्रश्न काढून टाकले. पंधरा मिनिटांत टीमने आपापसात आजचं काम जुळवून घ्यावं, इतकंच उरलं. तुमच्याकडे मालक समोर बसून एकेकाला हे तीन प्रश्न विचारत असतील, तर ती हजेरी झाली. ती आधी थांबवा.

आता मला खरं बोलायचंय त्याकडे येतो. अ‍ॅजाइल म्हणजे अमेरिकेतून आलेली आयटीवाल्यांची पद्धत असं आपण धरून चालतो. पण तिच्यातला मोठा भाग मागावरून आलाय. जपानचे साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड पुढे विणलं जात नसे आणि एकच कामगार बरेच माग सांभाळू शकत असे. याच घराण्याच्या माग बनवणाऱ्या कंपनीतून पुढे टोयोटाच्या गाड्या आल्या. कानबान (पुढच्या टप्प्याला लागेल तेवढंच मागवण्याची चिठ्ठ्यांची पद्धत) ज्यांनी उभं केलं ते ताईची ओनो १९३२ मध्ये टोयोडांच्या सूत-कापडाच्या कंपनीत लागले होते, मोटारीच्या कारखान्यात गेले ते १९४३ मध्ये. 'दोष दिसला की थांबा' आणि 'पुढच्याला लागेल तेवढंच तयार करा' या दोन गोष्टी आपण आज ऑटोमेटेड टेस्ट (कोड आपोआप तपासणारे प्रोग्राम) आणि कानबान बोर्ड (कुठलं काम कुठल्या टप्प्यावर आहे ते दाखवणारा फळा) म्हणून वापरतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या लूमवर उभं राहून पाहा. ताण्याचा धागा तुटून माग थांबला की कामगार आधी तो जोडतो, मगच माग सुरू करतो. माझे वडील मागावरच होते. मला हे हिंजवडीच्या ट्रेनिंग रूममध्ये पॉवरपॉइंटवर शिकवलं गेलं तेव्हा जे पटलं नव्हतं, ते इथे परत आल्यावर कळलं.

आमच्या टीममध्ये घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण तुमचं नवं काम नेमकं काय, हे तिच्यातून दिसेल.

आमच्या एका युनिफॉर्मवाल्या ग्राहकाला डॅशबोर्ड हवा होता. कुठल्या शाळेची किती ऑर्डर, किती माल गेला, किती राहिला. कारखान्याच्या मालकांनी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं, दोन-दोन आठवड्यांचे तीन स्प्रिंट (कामाचे ठरलेले टप्पे) लावले आणि वेळेत दिलं. चार्टवर सगळं हिरवं. पुढे महिनाभर तो डॅशबोर्ड कोणी उघडलाच नाही. मे महिना होता, जूनमध्ये शाळा उघडणार म्हणून कारखान्यात रात्रपाळी चालू होती, आणि आम्हाला फोन येत होते ते 'माल चुकतोय' म्हणून. मी दोन दिवस कटिंगच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसलो.

तिथे दिसलं ते असं. ऑर्डर आमच्या सॉफ्टवेअरमधून निघत होती, पण कटिंग मास्तर ती मोबाइलवर पाहून खडूने पुठ्ठ्यावर उतरवत होते: २२ नंबर साइज किती, २४ किती, २६ किती, असं ३८ पर्यंत. मग कापलेल्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लागत आणि ते शिलाईला घरोघरी जात. शिवणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच घरी तेलुगू बोलणाऱ्या, चिठ्ठीवरचं आमचं इंग्रजी वर्णन कोणी वाचत नव्हतं, फक्त आकडा बघत होत्या. पुठ्ठ्यावर उतरवताना एक ओळ सरकली की २८ चा गठ्ठा ३० म्हणून जायचा. चूक तिथे होती. मास्तरांना मी विचारलं, 'काय दिलं तर हे पुठ्ठ्याचं काम वाचेल?' ते म्हणाले, 'एका कागदावर मोठ्या अक्षरात नंबर आणि नग द्या. बाकी काही नको.' दोन दिवसांत आम्ही ते प्रिंट दिलं, गठ्ठ्याच्या चिठ्ठीसकट. त्या सीझनमध्ये नंबर चुकल्याचे फोन जवळपास थांबले.

सहा आठवड्यांचं काम वाया गेलं आणि दोन दिवसांचं उपयोगी पडलं. प्रॉडक्टच्या क्षेत्रात सध्या 'आउटपुट नको, आउटकम बघा' (किती बनवलं यापेक्षा त्याने काय बदललं ते बघा) आणि 'डिस्कव्हरी (वापरणाऱ्याला खरं काय हवं याचा शोध) सतत चालू ठेवा' असं जे बोललं जातं, त्याचा अर्थ मला त्या स्टुलावर कळला. मोठ्या कंपन्यांत दर आठवड्याला एका तरी वापरणाऱ्याशी बोलायचं म्हटलं तर अपॉइंटमेंट, व्हिडिओ कॉल आणि दोन मॅनेजरांची परवानगी लागते. तुमचा वापरणारा माणूस गाडीवर दहा-पंधरा मिनिटांवर आहे. दर आठवड्याला एक सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवा आणि जाताना एका डेव्हलपरला सोबत न्या, प्रत्येक वेळी वेगळ्या. कारखान्याच्या मालकाशी बोला, पण जो बटण दाबतो त्याच्याकडे बघत बसा.

टीमचं काम लावण्याबद्दल माझा एकच आग्रह आहे: एका वेळी चालू असलेली कामं कमी ठेवा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा एक नियम आहे. चालू कामांची संख्या भागिले आठवड्याला पुरी होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारा काळ. तुमच्या आठ जणांची १२ कामं चालू असतील आणि आठवड्याला ३ संपत असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी चार आठवडे लागणार. त्याच वेगात चालू कामं ६ वर आणली तर दोन आठवडे. ना माणूस वाढवला, ना रात्र जागवली. मालकांना हे कागदावर मांडून दाखवा, हिशेब त्यांना लगेच कळतो. स्टोरी पॉइंटच्या भानगडीत मात्र पडू नका. ते ज्यांनी काढले असं मानलं जातं, त्या रॉन जेफ्रीज यांनीच पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केलाय. आम्ही कामं मोजतो आणि आठवड्यापेक्षा मोठं दिसलं तर तोडतो.

एआयबद्दल. आम्ही रोज वापरतो, तुम्हीही वापरा. पण वेग वाढला असं वाटणं आणि वाढणं यात फरक पडतो. २०२५ मध्ये मीटर या अमेरिकन संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स (सगळ्यांसाठी खुला असलेला कोड) डेव्हलपरांकडून २४६ कामं करून घेतली, काही एआयसह, काही त्याशिवाय. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावरही त्या मंडळींना आपण २० टक्के जास्त वेगाने केलं असंच वाटत होतं. अभ्यास छोटा आहे, लोक आपल्या जुन्या ओळखीच्या कोडवर काम करत होते आणि टूल झपाट्याने बदलतायत, म्हणून तो सगळ्यांना लावू नका. आमच्याकडे वेगळंच झालं. कोड भराभर तयार होऊ लागला आणि तपासायला असलेल्या दोन अनुभवी मुलींच्या पुढे रांग लागली. म्हणजे माग जोरात, पण कापड बघणारे तेवढेच. शेवटी नियम केला की तपासणीत तीनपेक्षा जास्त कामं साचली की नवं काम कोणीही उचलायचं नाही, सगळ्यांनी तपासायला बसायचं. पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली, नंतर अंगवळणी पडलं.

माझ्या कामात एआयचा मोठा फायदा झाला तो कच्चा नमुना बनवण्यात. पूर्वी स्क्रीन दाखवायला आठवडा जायचा, आता दुपारी बनवून संध्याकाळी कारखान्यात नेतो. तो कोड मात्र फेकून द्यायचा, ग्राहकाकडे तसाच चढवायचा नाही.

पद स्वीकारण्याआधी मालकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या. स्क्रममध्ये प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असते, समिती नाही, आणि तिच्या निर्णयाचा मान संस्थेने ठेवायचा असतो. मालक थेट डेव्हलपरला फोन करून 'हे आधी कर' म्हणणार असतील, तर तुम्ही नावाचे ओनर राहाल. मी आमच्या साहेबांना म्हटलं होतं, 'तुम्हाला हवं ते काम मी यादीत सगळ्यात वर घेईन, पण त्यासाठी खाली काय सरकवायचं ते तुम्ही माझ्यासमोर सांगा.' त्यांना ते रास्त वाटलं. आजही दर सोमवारी आम्ही दोघं ती यादी घेऊन बसतो, पंधरा-वीस मिनिटं.

सर्टिफिकेट आत्ता करू नका. स्क्रम मार्गदर्शिका नेटवर फुकट आहे, पंधराएक पानांच्या आत आहे, एका रविवारी वाचून होते. पुण्या-मुंबईत नोकरी शोधायची वेळ आली आणि जाहिरातीत मागितलं, तर तेव्हा करा. त्या पैशांत आधी चिठ्ठ्या छापायला एक चांगला थर्मल प्रिंटर घ्या. तुमचे ग्राहक आमच्यासारखे कारखानदार असतील तर पहिल्या महिन्यातच लागेल. आणि कटिंग टेबलाजवळ बसायला जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा. नंतर मास्तरांना बोलायला सवड नसते.