किरायाच्या घरांची दलाली सुरू करताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

नागपुरात किरायाच्या घरांचं काम धरतो आहेस, तर दिवसभर घरं दाखवून संध्याकाळी रिकाम्या हाताने परतायची सवय ठेव. जमलेला व्यवहार शेवटच्या क्षणी मोडतो तेव्हा त्रास जास्त होतो. तो बहुतेकदा पाणी, ऊन, मीटर, पाहुणे अशा आधी न विचारलेल्या गोष्टींवरून मोडतो. या गोष्टी वेळेवर विचारणं, हेच तुझं खरं काम.

सकाळचा पहिला तास फोनला दे. फ्लॅट अजून रिकामा आहे का आणि चाबी कोणाकडे आहे, हे मालकाला विचारल्याशिवाय पार्टीला, म्हणजे घर शोधणाऱ्याला, बोलावू नकोस. एकच फ्लॅट चार-पाच दलालांकडे असतो, आणि एकाकडून टोकन, म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम, आलं की बाकीच्यांना कळवायचं राहून जातं. शहराच्या टोकाला बेसापर्यंत येऊन कुलूप पाहून गेलेला माणूस पुन्हा तुझा फोन उचलत नाही.

पार्टीलाही आधी विचार: काम कुठे, माणसं किती, गाड्या किती, राहायला कधी यायचं. व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना बजाजनगर-गोपालनगर सोयीचं, मेडिकल कॉलेजवाल्यांना हनुमाननगर-अजनी, मिहान उद्योगक्षेत्र आणि एम्स रुग्णालयवाल्यांना मनीषनगर, चिंचभवन. एका दिवसात तीन घरं पुरे. चौथं पाहताना पहिलं आठवत नाही.

आता उन्हाचं. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो. सर्वात वरच्या माळ्यावरचा फ्लॅट सकाळी दाखवला तर हवेशीर वाटतो, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. असा फ्लॅट दुपारी चार वाजताच दाखव. तेव्हा हो म्हणणारा टिकतो. खिडकीबाहेर कूलरचा स्टँड आहे का, जवळ नळ आहे का, आणि हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडते का, ते बघ. हवेला वाट नसेल तर कूलर खोलीत नुसता दमटपणा भरतो. त्याचं पाणी भिंतीत मुरलं की रंगाचे पापुद्रे सुटतात आणि घर सोडताना डिपॉझिटवरून भांडण होतं. एसी लावायचा असेल तर 16 अँपिअरचा पॉइंट आणि वायरिंग तपासून घे. जुन्या घरात दोन एसी एकदम चालले की एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडत राहतो.

पाण्याचं मालकाला विचारच: नळ कधी येतो, किती वेळ राहतो, बोरिंग उन्हाळ्यात आटते का, टँकरचे पैसे कोणाकडे. मग तेच शेजाऱ्याला विचार. त्याला घर भरायची घाई नसते. सबमीटर, म्हणजे मालकाच्या मीटरवरून घेतलेला वेगळा मीटर, असेल तर युनिटचा दर लिहून घे.

काही मालक आडनाव ऐकून ‘फ्लॅट गेला’ म्हणतील. ही चाळणी तू लावू नकोस. फोनवर पार्टीची जात विचारायची वेळ तुझ्यावर आणणारा मालक यादीतून काढून टाक, किराया कितीही असो. दीक्षाभूमीच्या या शहरात कोणी घर शोधताना अपमान गिळून परत जावं आणि त्यात आपला हात असावा, हे मला सहन होत नाही. बॅचलर मुलं नकोत, मांसाहार नको अशा अटी असतील तर त्या घर दाखवण्याआधीच सांग, दारात नाही.

टोकन शक्यतो थेट मालकाच्या खात्यात जाऊ दे. रक्कम, घर, राहायला यायची तारीख आणि व्यवहार मोडला तर टोकनचं काय, एवढं त्याच वेळी मेसेजवर दोघांकडून कबूल करून घे. तुझी दलाली किती आणि कोण देणार, हेही पहिलं घर दाखवण्याआधी. टोकन जाण्याआधी वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती बघ. नाव दुसऱ्याचं असेल तर मालक म्हणवणाऱ्याकडे मुखत्यारपत्र माग.

करार नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालक खर्चाचं कारण सांगेल, त्याला हिशेब करून दाखव. किराया 15,000, मुदत 11 महिने, म्हणजे 1,65,000. परत मिळणारं डिपॉझिट 30,000, त्यावर दहा टक्क्यांनी 11 महिन्यांचं व्याज 2,750. बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे हिशेबाने सुमारे 420 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. शिवाय लेखी करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत किरायेदार सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, हे ऐकल्यावर बहुतेक मालक तयार होतात.

चाबी देताना घाई करू नकोस. दोघांनाही समोर उभं करून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घे. मीटरच्या रीडिंगचा फोटो काढ. पंखे, गिझर, नळ, चाब्या मोजून लिही. खिळ्यांची भोकं आणि आधीची ओल मुद्दाम टिप. रंगाचा खर्च कोणाचा, ते करारात आलंच पाहिजे.

जून-जुलैत बदल्या आणि कॉलेजांमुळे श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पितृपक्षात घर बदलायला कोणी तयार नसतं. जूनची कमाई जूनमध्येच संपवू नकोस. मंदीच्या पंधरवड्यात करारांची वही उघड. 1 जूनला सुरू झालेला 11 महिन्यांचा करार 30 एप्रिलला संपतो, तेव्हा मार्चच्या मध्यावर दोघांनाही फोन गेला पाहिजे. ही तारीख आत्ताच वहीत मांडून ठेव. किरायेदार राहणार असेल तर नवा किराया आणि नव्या नोंदणीचं ठरव, जाणार असेल तर त्याच दिवसापासून पुढची पार्टी शोधायला लाग.

तुझा शुभचिंतक